सगळ्या हातांची चाहूल

'चाहूल'ची बातमी देशभर झाली, त्या सकाळी डॉ. शकुन पेंदाम प्रसूती विभागात एका बाळंतिणीची चादर बदलत होती. कॅमेरे घेऊन आलेली मंडळी तिला शोधत तिच्याच समोरून दोनदा पुढे गेली. संशोधक बाई म्हणजे कुठल्यातरी केबिनमध्ये खुर्चीवर बसलेली असणार, असं त्यांनी धरलं होतं. शेवटी तिनेच हाक मारली.

"कुणाला शोधताय?"

"डॉ. पेंदाम कुठे भेटतील, सिस्टर?"

"भेटल्या. जरा ते चादरीचं टोक धरा."

दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या फोटोत ती चादर ताणताना दिसत होती. तो फोटो नागपूरच्या उमरेड रस्त्यावरच्या वैनगंगा रुग्णालयातल्या प्रत्येक ड्यूटी रूमच्या भिंतीवर चिकटला. शकुन तिथल्या परिचर्या संशोधन विभागाची प्रमुख होती. पण पेशंटच्या खाटेपासून दूर राहून परिचर्येवर संशोधन करता येतं, यावर तिचा विश्वास नव्हता. रोज सकाळचे दोन तास ती वॉर्डात साध्या परिचारिकेचं काम करायची.

हे २०४३ सालातलं.

शकुन मूळची कुरखेड्याकडची, गोंड घरातली. विशीत ती एका आरोग्य उपकेंद्रात एएनएम नर्स म्हणून रुजू झाली. तिथे एकदा एका बाळंतिणीला पाहून तिच्या पोटात कालवलं. तिने तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. "सर, हिचं काहीतरी बरोबर नाही." बीपी किती, नाडी किती, ताप आहे का, त्यांनी सगळं विचारलं. सगळं ठीक होतं. "मग बरोबर काय नाही?" शकुनला सांगता येईना. संध्याकाळ व्हायच्या आत ती बाई गेली.

डॉक्टर चुकले नव्हते, आणि शकुनही चुकली नव्हती. पण तेव्हापासून एक प्रश्न तिला सोडेना. मला काय कळलं होतं? आणि कशाने कळलं होतं? त्या प्रश्नाच्या मागे जात ती शिकत राहिली. नोकरी सांभाळून पदवी घेतली, मग पदव्युत्तर, मग पीएच.डी. प्रबंधाचा विषयच तो होता.

उत्तर असं निघालं. माणूस बिघडायला लागतो तेव्हा मॉनिटरवरचे आकडे हलण्याच्या बऱ्याच आधी त्याच्यात बारीक बारीक फरक पडतात. श्वासाची लय किंचित तुटते, ओठांभोवतीचा रंग उतरतो, घामाचा वास बदलतो, उशीवर मान वेगळी पडते. एकेक फरक इतका लहान असतो की त्याची नोंद कुणी करणार नाही. पण वर्षानुवर्षं पेशंटजवळ वावरलेल्या परिचारिकेचा मेंदू ते सगळे फरक गोळा करतो आणि आधी पाहिलेल्या शेकडो पेशंटांशी ताडून बघतो. हे तिच्या नकळत होतं. तिला शब्द सुचायच्या आत तिचं शरीर निकाल देऊन मोकळं होतं. त्वचेला अगदी सूक्ष्म घाम सुटतो, नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं, पोटात कालवतं.

अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या फरहान काझी नावाच्या तरुण प्राध्यापकाने शकुनच्या प्रबंधावरून एक पट्टा तयार केला. परिचारिकेने तो मनगटाला बांधायचा. पट्टा पेशंटला तपासत नसे, परिचारिकेला वाचायचा. तिचा घाम आणि नाडी ठराविक रीतीने बदलली की वॉर्डाच्या इलेक्ट्रॉनिक फळ्यावर, ती ज्या खाटेपाशी असेल त्या खाटेच्या नंबरासमोर, केशरी रेघ उमटायची. चाचणीत दिसलं की ही रेघ मॉनिटरच्या कितीतरी आधी उमटते. जी माणसं हातची गेली असती ती वाचायला लागली. पट्ट्याचं नाव शकुननेच ठेवलं होतं, चाहूल.

सरकारने कायद्याचा मसुदा काढला. फळ्यावर केशरी रेघ उमटली की डॉक्टरांनी हातातलं काम ठेवून पेशंटपाशी यायचं आणि काय केलं ते लिहायचं. परिचारिकेला काय वाटतं, याला पहिल्यांदाच कायद्याचं बळ मिळणार होतं. राज्यातल्या परिचारिका पट्टा दागिन्यासारखा मिरवायला लागल्या. वैनगंगाच्या मेट्रन मंदा वानखेडे तर लग्नसमारंभातही तो काढत नसत. मंदा आणि शकुन शिक्षणापासूनच्या मैत्रिणी. एका खोलीत राहिलेल्या, एका डब्यातून जेवलेल्या.

मसुद्यात आणखी एक कलम होतं. चाचणी संपली की प्रत्येक परिचारिकेची चाहूल किती खरी ठरते, यावरून तिला श्रेणी मिळणार होती. खालच्या श्रेणीतल्यांच्या पट्ट्याची रेघ फळ्यावर धरायची नाही, आणि त्यांना अतिदक्षता किंवा प्रसूती विभागात नेमायचं नाही. पेशंटच्या सुरक्षिततेसाठी हे कलम योग्यच आहे, असं सगळ्यांना वाटत होतं. शकुनलाही वाटत होतं.

शकुनने आयुष्यात दोन गोष्टी जिद्दीने केल्या होत्या. पहिली चाहूल. दुसरी, परिचर्येचं दार उघडं करणं. कर्णबधिर मुलींना नर्सिंगला प्रवेश मिळावा म्हणून तिने अनेक वर्षं अर्ज केले, समित्यांसमोर भांडली, आणि शेवटी पहिली तुकडी तिच्याच महाविद्यालयात भरली. त्या तुकडीतली समीक्षा खोब्रागडे आता प्रसूती विभागात काम करत होती. ती जन्मापासून ऐकू न येणारी. तिच्या चष्म्याच्या काचेवर समोरच्याचं बोलणं अक्षरांत उमटायचं आणि छातीवरचा बिल्ला तिच्या हातांच्या खुणा बघून त्या आवाजात बोलून दाखवायचा. शकुनशी बोलताना मात्र ती बिल्ला बंद करायची. शकुनला खुणांची भाषा येत होती, आणि बिल्ल्याचा आवाज रेल्वे स्टेशनवरच्या बाईसारखा आहे, असं समीक्षाला सगळ्यांनी सांगितलं होतं.

एका दुपारी शकुनची बैठक चालू असताना समीक्षा दार ढकलून थेट आत आली. आधी विचारायची तिची पद्धत होती. आज तिने विचारलं नाही.

"मॅडम, रोशनी. सात नंबर. आत्ता चला." तिचे हात इतक्या वेगाने चालले होते की शकुन उठून चालायला लागल्यावरच पुढचं तिला कळलं.

रोशनी सिकलसेलची पेशंट होती. या भागात हा आजार बराच. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आदल्या दिवशी तिचं बाळंतपण नीट पार पडलं होतं. सात नंबरपाशी डॉ. कौस्तुभ हा निवासी डॉक्टर उभा होता, थोडा वैतागलेला.

"मॅडम, मी पाहिलं पेशंटला. ऑक्सिजन चांगला आहे, ताप नाही. आणि हे बघा." त्याने फळ्याकडे बोट केलं. सात नंबरसमोर रेघ नव्हती. "सिस्टरांचा पट्टा काहीच म्हणत नाही. एकदाच नाही, कधीच म्हणत नाही. मग मी कशाच्या जोरावर एक्स-रे मागू?"

शकुनने समीक्षाकडे पाहिलं. समीक्षाने उत्तर हातांनी दिलं नाही. तिने शकुनचा उजवा तळहात धरला आणि रोशनीच्या पाठीवर खालच्या बाजूला ठेवला. मग डावा हात दुसऱ्या बाजूला. रोशनीला तिने आकडे म्हणायची खूण केली.

"एक, दोन, तीन…" रोशनी दमल्या आवाजात म्हणाली.

माणूस बोलतो तेव्हा त्याच्या आवाजाचा कंप पाठीला जाणवतो. फुफ्फुसात हवा असेल तिथे तो मवाळ असतो, फुफ्फुस घट्ट होऊ लागलं की वाढतो. डावीकडे शकुनला मऊ गुणगुण लागली. उजवीकडे कंप कडक होता. फरक अगदी थोडा होता. समीक्षाने हात धरून दाखवला नसता तर शकुनच्याही लक्षात आला नसता.

"एक्स-रे काढा," शकुन म्हणाली. "माझ्या नावावर."

फोटोत उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात सावली दिसली. वाकड्या पेशी फुफ्फुसात अडकायला लागल्या होत्या. सिकलसेलमध्ये याहून धोक्याचं फारसं काही नसतं, आणि अशी पेशंट काही तासांत जाऊ शकते. रक्त बदलण्याची तयारी झाली. तिसऱ्या दिवशी रोशनी उठून बाळाला पाजत बसली, तेव्हा कौस्तुभ समीक्षापुढे उभा राहिला आणि चष्म्यावर नीट उमटावं म्हणून सावकाश म्हणाला, "सिस्टर, मी तुमचं ऐकायला हवं होतं." समीक्षाने मान हलवली. तिने त्याला जास्त वेळ अवघडून ठेवलं नाही.

पण शकुनच्या डोक्यातून फळा जाईना. समीक्षाला धोका इतका स्पष्ट कळला होता. मग पट्टा गप्प का राहिला?

तिने फरहानला बोलावलं आणि समीक्षाच्या पट्ट्यातली कच्ची माहिती मागितली. म्हणजे गाळणी लावण्याआधीची. फरहानने ती पडद्यावर उघडली आणि वरपासून खालपर्यंत चाळली.

"मॅडम, इथे काहीच शिल्लक नाही," शेवटी तो म्हणाला. "हात हलला की नाडीचं वाचन बिघडतं. म्हणून हाताची हालचाल आली की तेवढा भाग आपण गोंधळ समजून टाकून देतो. सगळीकडे असंच करतात. समीक्षाचे हात सतत हलतात. दिवसाचा बहुतेक सगळा भाग आपण फेकून दिलाय."

समीक्षाच्या चष्म्यावर ते उमटत होतं. तिने वाचलं आणि फरहानकडे वळून बिल्ला चालू केला.

"म्हणजे माझं बोलणं तुम्ही गोंधळ म्हणून टाकलंत," बिल्ला सपाट आवाजात म्हणाला.

फरहानने मान खाली घातली. तो वाईट माणूस नव्हता. पट्टा घडवताना त्याने ज्या परिचारिकांची मापं घेतली, त्या सगळ्या ऐकू येणाऱ्या, तरुण आणि धडधाकट होत्या. दुसरं कुणी असू शकतं, हे त्याला सुचलं नव्हतं. ज्या बाईने समीक्षाला या व्यवसायात आणलं होतं, तिलाही सुचलं नव्हतं. ही गोष्ट शकुनला जास्त लागली.

"गप्प पट्टे आणखी किती आहेत?" तिने विचारलं.

फरहानने चाचणीतली सगळी माहिती चाळली. नावं नव्हती, फक्त संकेतांक होते. दर आठ परिचारिकांमागे एकीचा पट्टा जवळजवळ कधीच बोललेला नव्हता. श्रेणीच्या कलमाप्रमाणे त्या सगळ्या खाटेपासून दूर होणार होत्या.

शकुनने मंदाला हे सांगितलं तेव्हा दोघी मंदाच्या खोलीत चहा पीत होत्या. मंदाने कप खाली ठेवला.

"मग काय करणार आहेस?"

"मसुदा तपासणाऱ्या विधिमंडळाच्या समितीला कळवते. श्रेणीचं कलम चुकीच्या शास्त्रावर उभं आहे. निकाल अर्धवट आहेत. ते कलम काढा, नाहीतर आम्हाला पुन्हा अभ्यास करू द्या."

"पागल झालीस काय तू?" मंदा उसळली. "डिसेंबरात अधिवेशन आहे. सुनावणी लागली आहे. शास्त्रच कच्चं आहे म्हटल्यावर ते आख्खा कायदा गुंडाळून ठेवतील. पस्तीस वर्षं आपण डॉक्टरांच्या मागे 'सर, जरा बघता का' करत फिरलो, शकुन. आता कुठे ते आपल्यामागे धावत येणार आहेत. आणि तू एका पोरीपायी…"

"एका पोरीपायी नाही. दर आठांत एक."

"मग त्या एकीला ऑफिसात बसव! ट्रेनिंगला ठेव. पेशंटचा जीव आधी की तिचा मान आधी?"

"रोशनीचा जीव कुणी वाचवला?"

"एकदा वाचवला. शंभरदा वाचवेल याची खात्री देशील?"

शकुनकडे ती खात्री नव्हती. "म्हणूनच तर अभ्यास करायचा आहे," ती म्हणाली.

मंदाने चहा तसाच सोडला आणि राउंडला निघून गेली. त्यानंतर तिने शकुनला चहाला बोलावलं नाही.

शकुनने समितीला कळवलं. बातमी फुटली. ज्या परिचारिकांनी भिंतीवर तिचा फोटो लावला होता, त्यांतल्या कुणीतरी तो काढून टाकला. कॉरिडॉरमध्ये समोरून येणाऱ्या मुली नजर चुकवू लागल्या. आमच्या तोंडचा घास हिने काढून घेतला, असं एक जण तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. शकुनने ऐकलं आणि पुढे गेली. तिला राग आला नाही, कारण तो घास कसला आहे हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

समितीने कायदा गुंडाळला नाही. सुनावणीपर्यंत नवा अभ्यास आणा, नाहीतर मसुदा आहे तसा पुढे जाईल, असं उत्तर आलं. हातात काही महिने होते.

शकुनने गप्प पट्टेवाल्यांना आवाहन केलं, आणि त्यात एक शब्द मुद्दाम बदलला. 'तपासणीसाठी या' असं न लिहिता तिने लिहिलं, 'संशोधक म्हणून या.' लोक आले. समीक्षाच्या तुकडीतल्या मुली आल्या. मेळघाटातून ब्रदर सुखलाल जांभेकर आला. लहानपणी भाजल्यामुळे त्याच्या दोन्ही मनगटांची कातडी जाड झाली होती, तिला घामच सुटत नसे. नाडीचा वेग बांधून ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या परिचारिका आल्या. पट्ट्यासाठी त्यांची नाडी कायम शांतच.

पहिल्या दिवशी शकुनने त्यांना एकच प्रश्न टाकला. "पेशंट बिघडतोय हे तुम्हाला कळतं, तेव्हा ते तुमच्या शरीरात कुठे कळतं?"

सुखलाल लाजत म्हणाला, "मॅडम, पायात. खाटेपासून निघतो ना मी, तर पाय निघत नाही. दोन पावलं जातो अन् थांबतो."

कुणी म्हणालं, मान आखडते. कुणी म्हणालं, जिभेला कोरड पडते. समीक्षा म्हणाली, "माझी बोटं पेशंटवर जास्त वेळ राहतात. मी हात उचलते, आणि तो परत जातो."

फरहानने ऐकलं आणि पुढच्या आठवड्यात सुखलालच्या बुटाच्या तळाला दाब मोजणारी चकती बसवून घेऊन आला. मग मानेसाठी कॉलरमध्ये शिवायची पट्टी आली, मग बोटांच्या स्नायूंची हालचाल वाचणारी अंगठी. गाळणी त्याने मुळापासून काढून टाकली. आधीचं यंत्र प्रत्येक परिचारिकेला एका सरासरी परिचारिकेशी ताडून बघत होतं. नवं यंत्र आधी त्या एका माणसाला शिकायचं. हिचा निवांत दिवस कसा असतो, ही घाईत असते तेव्हा काय होतं, ही रागावली की काय होतं. मग तिची तुलना तिच्याशीच करायचं. खुणांच्या भाषेतले हात आणि काळजीने रेंगाळणारे हात वेगळे ओळखायला फरहानला समीक्षाने शिकवलं. ती त्याच्यासमोर बसून तासन्‌तास बोलत राहायची आणि मध्येच सांगायची, "हे बोलणं होतं. आणि हे नाही."

अंगठी घातल्यावर समीक्षाची पहिली केशरी रेघ फळ्यावर उमटली, तेव्हा वॉर्डातलं सगळं काम क्षणभर थांबलं. पाच नंबरच्या पेशंटला आतून रक्तस्राव सुरू झाला होता. कौस्तुभ धावत आला, पेशंट शस्त्रक्रियेला गेली आणि वाचली. समीक्षा त्या रेघेकडे बघत उभी होती. मग तिने चष्मा काढून पुसला.

अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. गप्प पट्ट्यांमध्ये सर्वांत मोठा गट कर्णबधिरांचा नव्हताच. तो होता पन्नाशीच्या पुढच्या, अनुभवी परिचारिकांचा. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात घाम आणणाऱ्या बारीक नसा सुस्त होतात. शरीराला कळतं, पण त्वचेपर्यंत निरोप पोचत नाही. वॉर्डात सगळ्यांत जास्त जाणणाऱ्या बायकाच पट्ट्याच्या लेखी बधिर ठरत होत्या.

शकुन मंदाच्या खोलीत गेली. कित्येक दिवसांनी.

"चहा नाही सांगणार का?"

"साखर नाही घेत मी आता. डॉक्टरांनी बंद केली," मंदा म्हणाली, पण तिने चहा सांगितला.

शकुनने नव्या निकालांबद्दल सगळं सांगितलं, नसांबद्दलही. कुणाचं नाव घेतलं नाही. मंदा ऐकत होती. हळूहळू तिचा चेहरा बदलत गेला. तिला मधुमेह होऊन पुष्कळ वर्षं झाली होती, आणि हे दोघींनाही माहीत होतं.

"माझ्या पट्ट्याचा आकडा तू बघितला?" मंदाने विचारलं.

"नाही. बघणारही नाही. तो तुझा आहे. तुला वाटलं तर तू बघ."

मंदाला आजवर बघायची गरज वाटली नव्हती. पट्टा बोलत नसला तरी तिच्या हाकेला डॉक्टर येतच. मेट्रनला नाही म्हणायची हिंमत कुणाची? तिने टेबलावरचा पडदा स्वतःकडे वळवला, अंगठा टेकवला आणि वाचलं. मग पडदा बंद केला.

"सगळ्यांत खाली," ती म्हणाली. "शकुन, मी सगळ्यांत खाली आहे."

शकुन उठली नाही, तिने समजूतही घातली नाही. ती तिथेच बसून राहिली. मंदा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्या पोरीला ऑफिसात बसव म्हटलं होतं मी."

"म्हटलं होतंस."

"मला काहून नाही म्हटलं तू काही? तेव्हाच?"

"तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं, मंदा."

चहा आला. दोघींनी बिनसाखरेचा घेतला.

सुनावणी डिसेंबरात, अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरातच झाली. सभागृह परिचारिकांनी भरून गेलं होतं. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या मुली आल्या होत्या, आणि शकुन काय बोलते याकडे सगळ्यांचे कान होते. शकुन उठली, आपलं नाव सांगितलं आणि म्हणाली, "हा अभ्यास माझ्या विभागात झाला. पण यातला जो भाग नवा आहे, तो ज्यांनी शोधला, त्याच मांडतील." ती बाजूच्या खुर्चीवर बसली आणि समीक्षा पुढे आली.

समीक्षाने बिल्ला काढून ठेवला होता. तिच्या शेजारी एक दुभाषी उभी होती, जिवंत माणसाच्या आवाजात बोलणारी. समीक्षा हातांनी बोलत गेली. गाळणीत काय हरवलं होतं, ते कसं सापडलं, नव्या यंत्रात एकही परिचारिका गप्प का नाही. तिने आकडे दाखवले, मर्यादाही सांगितल्या. या गोष्टी अजून आम्हाला माहीत नाहीत, असंही ती स्वच्छ म्हणाली. शकुनच्या मनात आलं, मी पहिल्यांदा प्रबंध मांडला तेव्हा मी कागदावरून नजर उचलली नव्हती. ही मुलगी सगळ्यांकडे बघून बोलते आहे.

एका सदस्यांनी हात वर केला. वयस्कर गृहस्थ होते, आवाजात वाकडेपणा नव्हता. "अभ्यास चांगला आहे. पण मी लोकांच्या मनातलं विचारतो. ज्यांचा पट्टा इतके दिवस बोलतच नव्हता, अशा नर्सच्या भरवशावर तुम्ही तुमच्या घरचं माणूस सोडाल का?"

समीक्षा उत्तर द्यायला वळली. त्याआधीच मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मंदा उभी राहिली होती. पांढऱ्या साडीत, खांद्यावर मेट्रनची पट्टी. सभागृहातल्या अर्ध्या बायका तिच्याच हाताखाली शिकल्या होत्या.

"साहेब, मी मंदा वानखेडे. पस्तीस वर्षं खाटेजवळ उभी आहे. जुन्या पट्ट्याच्या श्रेणीत मी सगळ्यांत खालची आहे." सभागृहात कुजबुज झाली. मंदाने ती थांबू दिली. "श्रेणीच्या कलमाची बाजू घेऊन मी या बाईशी, माझ्या मैत्रिणीशी भांडले होते. तुमच्या घरचं माणूस माझ्या भरवशावर सोडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी मात्र माझ्या सुनेचं बाळंतपण या मुलीच्या वॉर्डात करणार आहे. पुढच्या महिन्यात."

ते गृहस्थ हसले. मग गंभीर झाले आणि त्यांनी समोरच्या कागदावरचं काहीतरी खोडलं.

समितीच्या अध्यक्षबाईंनी संध्याकाळ व्हायच्या आधी निर्णय वाचून दाखवला. श्रेणीचं कलम वगळलं. चाहुलीला उत्तर देण्याचं कलम राहिलं, आणि त्यात एक वाक्य वाढवलं गेलं. चाहूल कोणत्याही परिचारिकेची असो, कोणत्याही मार्गाने कळलेली असो, डॉक्टर येतील.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट उसळला. शकुनने समीक्षाकडे पाहिलं. ती निर्णय चष्म्यावर वाचून नुकतीच मान वर करत होती. टाळ्या तिला ऐकू येणार नव्हत्या. समोर माणसं छातीसमोर हातावर हात आपटताहेत, एवढंच तिला दिसत होतं.

मग मागच्या रांगेत मंदाने टाळ्या थांबवल्या. तिने दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, बोटं पसरली आणि मनगटं हलवायला लागली. कर्णबधिर माणसं टाळी अशीच वाजवतात. मंदा हे कधी शिकली, शकुनला माहीत नव्हतं. शेजारच्या मुलीने तिच्याकडे पाहून हात वर केले. मग तिच्या शेजारचीने. सुखलालने जाड कातडीची मनगटं उंचावली. आवाज ओसरत ओसरत थांबला आणि सगळं सभागृह वर उठलेल्या, थरथरणाऱ्या हातांनी भरून गेलं. छताचा पंखा ऐकू येत होता.

समीक्षा व्यासपीठाच्या कडेला आली. ती पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सावकाश बघत गेली. कुठलाही हात सुटू नये, अशी. शकुनच्या हातात पर्स होती, मांडीवर फाइल होती. तिने दोन्ही खाली ठेवल्या आणि आपले हात वर केले.